उसाच्या फडातील रानउंदरांची साहसकथा: त्यांचा समाज कसा रचावा?

प्रवरातीर (प्रश्न)

नमस्कार. किशोरवयीन आणि प्रौढ अशा दोन्ही वाचकांना वाचता येईल अशी एक अद्भुतरम्य साहसकादंबरी मी लिहावयास घेतली असून तिच्यातील सर्व मुख्य पात्रे रानउंदीर आहेत. कथा प्रवरेच्या काठावरील एका मोठ्या आडसाली उसाच्या फडात घडते. या उंदरांना भाषा आहे, स्मृती आहे, आपसांत पाळावयाचे नियम आहेत. मात्र ते कपडे घालत नाहीत, दोन पायांवर चालत नाहीत आणि माणसांशी बोलतही नाहीत. गळीत हंगाम सुरू होतो, तोडणी कामगारांची टोळी फडाच्या कडेला कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, घालते आणि उंदीर ज्या जगाला अनादी समजत आले ते जग एका बाजूने तुटू लागते, हा कथेचा गाभा आहे. आपल्या समाजाला फडाबाहेर काढून कालव्यापलीकडील माळावर नेण्याची जबाबदारी एका तरुण मादीवर येऊन पडते.

माझी अडचण समाजरचनेची आहे. राजा, प्रधान, सेनापती आणि हेर ही नेहमीची मांडणी मला नको आहे, कारण तिच्यातून शेपटी काढून घेतली तर उरतात ती माणसेच. उंदराची बुद्धी त्याच्या नाकातून, मिश्यांतून आणि बिळातून घडलेली असावी, अशी माझी इच्छा आहे. म्हणून जाणकारांना विचारतो, की उसात नेमके कोणते उंदीर राहतात, त्यांच्यात समाज म्हणता येईल असे काही असते का, आणि त्यांच्या खऱ्या स्वभावातील कोणता धागा कथेचा कणा होऊ शकेल? अद्भुताला माझी ना नाही, परंतु ते त्या प्राण्याच्या अंगातूनच उगवलेले हवे.

काळीरान

प्रवरातीर, उंदीर नियंत्रणाच्या कामानिमित्त माझा बराच काळ उसाच्या सऱ्यांमध्येच गेला आहे. ज्या प्राण्याला मारण्याचे शास्त्र शिकायचे, त्याच्या चातुर्याविषयी आदर बाळगल्याशिवाय ते शास्त्र साधत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे आपला विषय मला जवळचा वाटला.

शेतकरी सरसकट उंदीर म्हणत असले तरी फडात एकाच जातीचा प्राणी नसतो. सर्वांत जास्त नुकसान करते ती घूस, शास्त्रीय नाव बॅंडिकोटा बेंगालेन्सिस. बिळाच्या तोंडाशी ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग असला आणि तोंड आतून मातीने बुजवलेले असले, की आत घूस आहे असे आम्ही समजतो. तिच्या बिळात धान्य साठवण्याच्या स्वतंत्र खोल्या असतात, परंतु स्वभावाने ती एकलकोंडी आणि भांडखोर असते, आणि एका बिळात बहुधा एकच प्रौढ घूस आढळते. मऊ केसांचा शेतउंदीर, म्हणजे मिलार्डिया मेल्टाडा, अगदी वेगळा. तो लहान आणि सौम्य असून जोडीने किंवा छोट्या गटाने राहतो, आणि स्वतः फारसे खोल न खणता बांधातील छिद्रांचा व उन्हाळ्यात काळ्या मातीला पडणाऱ्या भेगांचा आसरा घेतो. झुडपी उंदीर गोलुंडा गवताचे घरटे करतो आणि गवतातून आखलेल्या ठरावीक वाटांनीच ये-जा करतो. आपली नायिका ज्या माळाकडे निघाली आहे तो माळ तर लांब शेपटीच्या जर्बिलचा. त्याच्या शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका असतो आणि तो लांब उड्या मारत पळतो. म्हणजे तेथे गेल्यावरही जमीन मोकळी मिळणार नाही, तिला आधीपासूनच धनी आहेत.

मला विचाराल तर नायिका मऊ केसांच्या शेतउंदरांपैकी असावी. काळ्या रानातील भेगा हे त्यांचे न खणलेले नगर आहे. वैशाखात ते आपोआप उघडते आणि मृगाच्या पावसात मिटते, व जे आत अडकतात त्यांतील कितीतरी बुडून मरतात. आपणहून दरवर्षी उघडणारे आणि मिटणारे नगर हीच अद्भुताची तयार भूमी आहे, तिला जादूची जोड देण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट काळाची. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात आणि तो सोळा ते अठरा महिन्यांनी तुटतो. रानातील उंदराला एक वर्षाचे आयुष्य लाभले तरी पुष्कळ झाले. त्यामुळे फडातील एकाही उंदराने त्या जमिनीवर ऊस नसताना काय होते ते पाहिलेले नसते. ऊस त्या सर्वांपेक्षा वयाने मोठा आहे. आपण त्या जगाला त्यांच्या दृष्टीने अनादी म्हटले आहे, ते अक्षरशः खरे आहे.

शेवटी माणसाच्या बाजूने घडणारी एक गोष्ट सांगतो, कारण कथेत ती उपयोगी पडेल. नियंत्रण मोहिमेत आम्ही पहिल्या दिवशी संध्याकाळी शेतातील सर्व बिळे चिखलाने बुजवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जी उघडलेली दिसतात ती जिवंत बिळे. मग दोन-तीन दिवस त्या बिळांत धान्याचा भरडा, गोडे तेल आणि गूळ एवढेच ठेवतो. उंदीर नव्या अन्नाला सहसा तोंड लावत नाही, थोडेसे चाखून थांबतो. म्हणून त्याचा विश्वास बसेपर्यंत निव्वळ आमिष द्यावे लागते. त्यानंतरच्या आमिषात झिंक फॉस्फाइड असते. त्याचा पोटातील आम्लाशी संयोग होऊन विषारी वायू तयार होतो, आणि उंदराला उलटी करता येत नसल्यामुळे एकदा गिळलेले परत फिरत नाही. उंदरांच्या बाजूने या पाच दिवसांकडे पाहा. एका रात्री सगळ्या दारांना चिखल लागतो, मग दोन रात्री गुळाचा सण होतो, आणि मग जे व्हायचे ते होते.

रातवा

काळीरान यांनी सांगितलेल्या दोन रात्रींच्या सणातच कादंबरीचा कणा आहे, असे मला ठामपणे वाटते. मी प्राणिवर्तनाचा अभ्यास केला आहे, त्यातील एकमेकांशी जोडलेले दोन निष्कर्ष येथे मांडतो.

एक उंदीर बाहेरून खाऊन बिळात परततो तेव्हा इतर उंदीर त्याच्या तोंडाशी नाक नेऊन त्याचा श्वास हुंगतात. ज्या अन्नाचा वास त्या श्वासावर असतो, ते अन्न पुढे समोर आले तर ते अधिक निर्धास्तपणे खातात. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात बेनेट गेलेफ यांनी तपकिरी उंदरांवर हे अनेक वर्षे तपासले. नवे अन्न खाऊन जो जिवंत परत आला त्याचा श्वास म्हणजे त्या अन्नाची ग्वाही. परंतु याच प्रयोगांतून दुसरी बाब पुढे आली, आणि ती मला आजही अस्वस्थ करते. ज्याचा श्वास हुंगला तो उंदीर आजारी असला, तरीही हुंगणाऱ्यांना त्या अन्नाची गोडीच लागते. आपल्या सोबत्याला काय बाधले हे ते त्याच्याकडून शिकत नाहीत. ‘हे खा’ असे एक उंदीर दुसऱ्याला सांगू शकतो, ‘हे खाऊ नको’ असे सांगण्याचे साधन मात्र त्याच्यापाशी दिसत नाही.

आता आपल्या नायिकेकडे या. तिच्या समाजाची सारी परंपरा श्वासावरील विश्वासावर उभी आहे. कोणी कोणाला खोटा श्वास देऊ शकत नाही, म्हणून त्यांच्यात खोटे बोलणेही नाही. त्याच विश्वासामुळे गुळाचा वास बिळाबिळांत पोहोचतो आणि तिसऱ्या रात्री समाजाचा मोठा भाग मरतो. तिला बुद्धिमान ठरवायचे असेल तर तलवार चालवण्याची किंवा लिहिण्याची कला देऊ नका. तिला ‘नको’ म्हणण्याची रीत शोधू द्या. ती मूत्राच्या खुणेने असेल, तोंड फिरवण्याने असेल किंवा आवाजाने असेल. आवाज घेतलात तर आधार चांगला आहे, कारण भीतीच्या प्रसंगी तपकिरी उंदीर सुमारे २२ किलोहर्ट्झचा लांब स्वर काढतात आणि खेळताना सुमारे ५० किलोहर्ट्झचे तुटक स्वर काढतात; माणसाच्या कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झपर्यंत असल्याने दोन्ही आपल्याला ऐकू येत नाहीत. आजवर तो लांब स्वर फक्त घुबड आणि मुंगूस यांच्यासाठी होता. समोर कोणताही शत्रू नसताना, गुळाच्या गोळ्यासमोर उभी राहून ती तो स्वर काढते. लोक तिला वेडी ठरवतात. हा प्रसंग नीट लिहिला गेला तर भाषेचा जन्म वाचकाच्या डोळ्यांसमोर होईल.

आपला आणि परका हा प्रश्नही याच प्राण्यात सापडतो. २०११ साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले, की नळीत कोंडलेल्या सोबत्याला सोडवण्यासाठी मोकळा उंदीर दार उघडायला शिकतो आणि जवळ चॉकलेट असले तरी बऱ्याचदा त्यातील वाटा त्याच्यासाठी राखतो. २०१४ च्या पुढील अभ्यासात असे दिसले, की अनोळखी वाणाच्या उंदराला तो अशी मदत करत नाही. पण त्या वाणाच्या एखाद्या उंदरासोबत काही काळ राहिला असेल, तर त्याच वाणाच्या पूर्णतः अपरिचित उंदरालाही सोडवतो. जन्मापासून दुसऱ्या वाणात वाढवलेल्या उंदरांनी तर त्यांनाच मदत केली आणि स्वतःच्या वाणाच्या अपरिचितांना केली नाही. रक्तापेक्षा सहवास मोठा ठरला. काळीरान यांनी सांगितलेल्या फडातील तीन कुळी आणि माळावरचे जर्बिल यांच्यातील संबंध यावर आधारता येतील. नायिका लहानपणी एखाद्या घुशीच्या रिकाम्या कोठारात आश्रयाला राहिली असेल, तर पुढे घुशीला चिखलातून सोडवणारी ती एकटीच का, याचे कारण सांगत बसावे लागणार नाही.

राजाविषयी एक वाक्य. अमेरिकेत मेरिलँड राज्यातील टाउसन येथे जॉन कॅल्हून यांनी १९४७ पासून सव्वादोन वर्षे पाव एकराच्या कुंपणात रानटी तपकिरी उंदीर पाळले. अन्न भरपूर असूनही संख्या दीडशेच्या आसपास थांबली, आणि त्या साऱ्यांचे एक राज्य न होता अनेक लहान गट झाले.

गिरगावकर

वरील दोन्ही उत्तरे मी पुन्हापुन्हा वाचली. माझा अभ्यास इतिहासाचा असल्यामुळे मी स्मृतीविषयी लिहितो.

ज्यांचे आयुष्य वर्षभराचे, त्यांचा इतिहास किती मागे जाऊ शकेल? मला वाटते की एक आठवण या समाजात नक्कीच असावी, आणि ती प्लेगची. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईत मांडवी भागात प्लेगचे निदान केले आणि पुढील काही वर्षांत रोग पुणे, सातारा, कोल्हापूर अशा देशावरील गावांत पसरला. घरात उंदीर पडला की घर सोडायचे आणि गावाबाहेर शेतात झोपड्या घालून राहायचे, ही रीत आपल्या पणज्यांच्या पिढीला पाठ होती. आपण या संकटाकडे नेहमी माणसांच्या बाजूने पाहतो. पण माणसांच्या आधी मरत होते ते घरातील काळे उंदीर, तेही आढ्यावर आणि कणगीमागे. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत पिसवांचा दुवा दाखवला. मेलेल्या उंदराचे अंग थंड पडले की पिसवा ते सोडून जवळच्या उबदार अंगावर जातात. म्हणजे मरणाऱ्याला बिलगून बसलेल्याला सर्वांत आधी लागण.

रातवा यांनी वर्णन केलेली मदतीची ओढ ज्या समाजात आहे, त्याच्यासाठी याहून क्रूर रोग असू शकत नाही. धान्याच्या गाडीतून गावाकडून रानात आलेल्या एखाद्या घरउंदराने ही कथा शेतउंदरांना दिली आणि शेकडो पिढ्यांनंतर ती ‘आढी गप्प झाली तो काळ’ अशा पुराणकथेच्या रूपात उरली, असे दाखवता येईल. त्या कथेतून निघालेला नियमही क्रूर असू द्या, की थंड होत चाललेल्या अंगाजवळ कोणी थांबायचे नाही. विषाच्या रात्री नायिकेला तो नियम मोडावा लागेल, कारण जे मरत आहेत त्यांना नेमके काय झाले हे जवळ गेल्याशिवाय तिला कळणार नाही.

परंपरेतील हिरण्यक या उंदराचीही आठवण ठेवावी. हितोपदेशात तो संकटाच्या शंकेने शंभर दारांचे बीळ करून राहतो. पंचतंत्रात महिलारोप्य नगराजवळील मठात त्याचा साठा खणून काढला जातो तेव्हा त्याची उडी मारण्याची शक्ती जाते, आणि मग अनुयायीही सोडून जातात. साठा गेला की बळ जाते आणि बळ गेले की माणसे जातात, हे त्या कथेत फार स्पष्टपणे आले आहे. आपल्या घुशीच्या मनात हीच भीती असेल.

अनुराधा_वाचते

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मी वाचक या नात्याने मांडते. माहिती उत्तम आहे, परंतु चार कुळी, प्लेगची पुराणकथा, श्वासाचा कायदा, स्वरांचे दोन प्रकार हे सर्व पहिल्या पन्नास पानांत आले, तर बारा वर्षांचा वाचक पुस्तक मिटून ठेवील. साहसकथेला पुढे ओढणारी एक साधी इच्छा लागते. नायिकेला समाज वाचवायचा आहे हे फार मोठे झाले. तिला आधी आपले एक भावंड शोधायचे असू द्या, आणि समाज तिच्या मागे नंतर येऊ द्या.

राजा नको, हे मान्य. परंतु विरोध करणारे कोणीतरी हवे. माझ्या मते तो विरोध वृद्ध मादीकडून यावा, आणि तिची बाजू खरी असावी. नव्या अन्नाला तोंड लावू नये हे तिने आयुष्यभर सांगितले, आणि आता कोवळी मुलगी शत्रू नसताना भयाचा स्वर काढते, म्हणजे स्वराची किंमत घालवते. पुढे खऱ्या घुबडाच्या वेळी कोणी ऐकले नाही तर? हा आक्षेप खोडता येणार नाही असा आहे आणि कादंबरीने तो खोडूही नये.

माणसांविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. कोप्यांत राहणारी कुटुंबे बीड आणि आसपासच्या कोरडवाहू भागांतून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन आलेली असतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि थंडीत अंधार असतानाच तोडणी सुरू होते. त्यांची मुले फडाच्या कडेला पाचटावर झोपतात. उंदरांच्या दृष्टीने ही माणसे प्रलय असली, तरी लेखकाने त्यांना खलनायक करू नये. तीही घर सोडून आलेली आहेत. हे एकदाही शब्दांत न सांगता, उंदराच्या उंचीवरून दिसणारी भेगाळलेली टाच, चुलीचा धूर आणि भाकरीचा तुकडा एवढ्यातून ते वाचकापर्यंत पोहोचू शकेल. गंध दाखवण्यासाठी आपल्याकडे कुबट, खवट, आंबूस, करपट, मातकट, खमंग असे कितीतरी शब्द आहेत, ते दृश्याच्या वर्णनाआधी येऊ द्या.

प्रवरातीर

सर्वांचे मनापासून आभार. श्वासाची ग्वाही आणि ‘नको’ चा शोध हाच कणा राहील, आणि अनुराधाताई म्हणतात त्याप्रमाणे वृद्ध मादीचा आक्षेप शेवटपर्यंत उभा ठेवीन. प्लेगची कथा मध्यभागी, एकाच प्रकरणात येईल. हरवलेले भावंड मला पटले; ते चिखलाने बुजवलेल्या बिळात मागे राहिले असे धरतो.

काळीरान, आपल्याला एकच विचारतो. प्रत्यक्ष तोडणीच्या वेळी प्राणी कोणत्या क्रमाने आणि कोणत्या बाजूला हलतात? शेवटचे प्रकरण त्यावर अवलंबून आहे.

काळीरान

तोडणी एका कडेने सरीसरीने पुढे जाते आणि मागे मोकळे रान पडत जाते. उंदीर, घुशी, धामणी, मुंगूस, कधी रानमांजर, सर्वजण उभ्या उसात मागे सरकत राहतात. म्हणजे शिकार आणि शिकारी एकाच लहान होत जाणाऱ्या पट्ट्यात कोंडले जातात. जुन्नर, नाशिक आणि आपल्या नगर भागात त्या पट्ट्यात बिबट्याची पिल्लेही सापडतात, तेव्हा काम थांबवून वन विभागाला बोलावले जाते आणि मादी रात्री पिल्ले घेऊन जाईपर्यंत फड तसाच राहतो. आपल्या उंदरांना एक जास्तीची रात्र हवी असेल, तर ती अशा रीतीने मिळू शकेल. शेवटच्या काही सऱ्या उरल्या की एकदम पळापळ होते; बांधावर गायबगळे, कावळे आणि टोळीची कुत्री वाट पाहतच असतात. बाहेर पडायचे ते दिवसा नाही, आदल्या रात्री, आणि वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या जिकडे रचलेल्या असतील तिकडून, कारण तेवढाच आडोसा उरतो. गव्हाणी घुबड मात्र रात्रीच येते, आणि ते उडताना आवाज होत नाही, हे वृद्ध मादीच्या आक्षेपासाठी लक्षात ठेवा.

आपल्या कथेतील शेतकरी तोडणीनंतर पाचट पेटवतो की सरीत तसेच ठेवतो, हेही आधीच ठरवून घ्या. पेटवले तर बिळात मागे राहिलेल्यांना वर येण्यास वाट नाही. पाचट आच्छादन म्हणून ठेवून खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणारे पीक, राखला, तर काही आठवड्यांत बुडख्यांना कोवळे फुटवे येतात, पाचटाखाली ओल आणि आडोसा दोन्ही टिकतात, आणि बुजलेल्या बिळातील भावंड जिवंत सापडणे अशक्य राहत नाही.